गिलावा केलेला बांध

मित्रांनो, मी एक जुना दगडी बांध आहे. फिलिपिन्समधल्या इफुगाओ लोकांच्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत भातखाचरांचा जिना आहे. त्यातली एक पायरी माझ्या आधाराने उभी आहे.

मला रचणाऱ्यांनी नदीतले दगड पाठीवर आणले आणि चुन्याशिवाय, नुसते एकमेकांत बसवले. मागे खडी भरली, तिच्यावर चिकणमाती पायांनी तुडवली. वाटेने जाताना कुणाच्याही बांधाचा निखळलेला दगड दिसला, तर तो बसवूनच पुढे जायचं, अशी इथली रीत. त्यामुळे माझी तब्येत ठणठणीत असे. कापणीला बायका गात उतरत आणि माझ्या खाचरातल्या लोंब्या पाहून मालकीण इंदुनायचं कौतुक करत.

पुढे तरुण माणसं शहरात गेली. वाटेवर वर्दळच उरली नाही. दगड निखळले की तसेच पडून राहू लागले. इंदुनायचे गुडघेही थकले. तेव्हा तिची लेक बुगान शहरातून आली आणि आईचा त्रास मिटावा म्हणून तिने मला सिमेंटचा गिलावा केला. सगळ्यांनी वाखाणलं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या फटी बुजल्या. पाणी आत कोंडलं आणि मी पुढे फुगलो.

खालच्या खाचराचा मालक पुगोंग ओरडला, "वहिनी, तुमच्या बांधाला दिवस गेलेत की काय? पोट बघा केवढं आलंय!"

"तुमचीच नजर लागली असेल, भाऊजी," म्हणत इंदुनाय हसत उतरली. मला हात लावला आणि तिचं हसू मावळलं. मी फुटलो असतो, तर पुगोंगचं पिकायला आलेलं भात चिखलात गाडलं गेलं असतं.

"आधी पाणी सोड," ती लेकीला म्हणाली, "मग गिलावा फोड."

"आई, अगं, पोती पाठीवर वाहून आणलीत मी! आणि आपलं भात फुलोऱ्यात आहे. आत्ता पाणी काढलं तर दाणा भरायचा नाही."

"आपला नाही भरला, तर भाऊजी उपाशी ठेवणार नाहीत. त्यांचं गाडलं, तर कुठल्या तोंडाने जेवायला जाऊ?"

बुगानने खाचर रिकामं केलं आणि पहार उचलली. पुगोंगही आला. गिलाव्याचे पोपडे निघाले, तसं तुंबलेलं पाणी फटीफटीतून सुटलं. मी उभा राहिलो. कापणीनंतर शेजाऱ्यांनी सावडीने, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या कामाला जायच्या रीतीने, फुगलेला भाग उतरवून माझे दगड नव्याने बसवले.

त्या वर्षी इंदुनायचं निम्मं भात पोचट निघालं. पुगोंग आपल्या भाताच्या पेंढ्या घेऊन तिच्या दारात आला. "ते पोचट कोंबड्यांना घाला, वहिनी. आणि हे रांधाल तेव्हा मला बोलवा."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझे भाऊबंद असतील. त्यांच्याकडे लक्ष ठेवा, पण त्यांच्या फटी बुजवू नका. आमच्यातून झिरपणारं पाणी वाया जात नसतं. खालच्या खाचरात कुणीतरी त्याची वाट पाहत असतं.