मिठाच्या कुंड्या

आमच्या चंद्रपुरात द्राक्षं पिकत नाई. इथी धान होते, कापूस होते, अन् तेवढ्यात आमचं भागते. पण आमचे सर नाशिककडचे. नव्व्याण्णव साली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले, त्याईनं मले इषय देल्ला: खारट पाण्यानं द्राक्षाच्या वेलीचं काय होते. मोहल्ल्याले आयता तमाशा भेटला. पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या कमरुद्दीन वाइंडरची नाहीद द्राक्षाले मीठ चारते म्हणे, डोकं फिरलं पोट्टीचं.

सोळा कुंड्या होत्या. कॉलेजात बकऱ्या शिरत, म्हणून आमच्या आंगनात ठेवल्या. चार कुंड्याईले साधं पाणी, चाराईले थोडं मीठ, चाराईले जास्त, अन् शेवटच्या चाराईले एवढं का जीभ लावली तर थुकावं लागे. एक दिवसाआड मोजून द्याचं. दर आठवड्याले थोडी पानं ॲसिटोनमधी घोटाची, गाळाची, अन् त्या पाण्याचा हिरवेपणा कॉलेजातल्या यंत्रावर पाहाचा. मीठ असलं का मातीत पाणी असूनही मुळाले ते ओढता येत नाई. पान आपली बारीक तोंडं मिटून घेते. ओल वाचते, पण हवा आत येणं थांबते, अन् अन्न बनणं बंद पडते. मंग कडा जळतात. एखादी वेल मात्र मीठ मुळातच अडवून धरते अन् टिकते. तशी एखादी सापडली तर नागपूरच्या संशोधन केंद्रात तुझी जागा, असं सरांनी कबूल केलं होतं. मले आमच्या त्या घरातून निघाचं होतं. दुसरं काईच नको होतं.

एप्रिलात अब्बा गेले होते, किडनीच्या दुखण्यानं. तवापासून अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाय नाई. ती दिवसभर आंगनातल्या बाजेवर बसे, बोलत नसे, दोन घास खाल्ले तर खाल्ले. अन् मी ठार बधिर. बाया गळ्यात पडून रडत, अन् मी मनात कॉलेजच्या तारखा मोजून राह्यली होती. दगड आहे म्हणे पोट्टी. असन बावा दगड. मले खरंच काई वाटत नव्हतं, अन् त्याची लाजही वाटत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या चार वेलींची पानं कडेनं भुरी पडली, जशी पडाले पाहिजे तशीच. अन् सहाव्या आठवड्यात त्याच वेलींवर कोवळी पालवी. यंत्रावर पाह्यलं, तर हिरवेपणा साध्या पाण्याच्या वेलींच्या बरोबरीत. सर खुर्चीतून उठलेच. जागा झालीच समज म्हणे, शुक्रवारी सगळं नागपूरले पाठवतो.

मले खुशी झाली नाई, शक आला. घरी येऊन मी त्या कुंड्याईखालच्या बशीत झिरपलेलं पाणी बोटानं चाटलं. फिक्कं, मिठाचा पत्ताच नाई. चारही बशा फिक्क्या. घरात माणसं दोनच, अन् मी दिवसभर कॉलेजात.

"अम्मी, तू याईले साधं पाणी टाकून राह्यली का?"

"हो," ती म्हणे. "तू गेली का टाकते. खालून मीठ निघून जाईपर्यंत."

मी तिच्यावर लय ओरडली. सहा आठवडे मातीत घातले म्हटलं, माझी जागा घालवली, तुले काई समजते का. ती बाजेवर बसून सगळं ऐकत राह्यली. मंग कितीक दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर करून माझ्याकडं पाह्यलं.

"मले नाईच समजत. शेवटच्या दिवशी तुझ्या अब्बानं पाणी मांगलं. मी ग्लास भरला होता. तू म्हणली, दिवसाचे दोन कप झाले, आता नाई. तुले समजते म्हणून मी तो मोरीत ओतला. आता हे पण माझ्यासमोर जळून राह्यले होते. माझ्यानं नाई पाहवलं."

त्या दिवशी मी तसं म्हटलंच होतं, किडनी गेलेल्याले पाणी मोजूनच, अशा डॉक्टरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं का या चार कुंड्याईत साधं पाणी पडलं, त्या बाद धरा. ते म्हणे, घरातली गोष्ट घरात राहू दे, तपासाले कोण येते. मी म्हटलं, मातीत मीठच नव्हतं तर वेल मिठात टिकली कशी म्हणाची? उद्या कोणी हे वाचून खाऱ्या जमिनीत लावन अन् बसन बोंबलत. कोणी टाकलं पाणी, सरांनी इचारलं. मी टाकलं, म्हटलं. त्याईनं फाइल मिटली. असा बेजबाबदारपणा त्याईनं पाह्यला नव्हता म्हणे. जागा वर्ध्याच्या एका मुलीले गेली.

घरी आली तर अम्मी कुंड्याईजवळच उभी होती, बादली घेऊन. काम झालं का म्हणे. झालं म्हटलं. मंग बाकीच्याईलेही टाकू का म्हणे. टाक म्हटलं.

ती एकेका कुंडीत हळूहळू पाणी ओतत राह्यली. मी पायरीवर बसली. दोन कप मले पाठ होते, डॉक्टरनं लिहून देल्लेलं सगळंच पाठ होतं.

"अब्बाले कितीक पाणी पाहिजे होतं, अम्मी?"

"एक घोट," ती म्हणे. "गिळत पण नाई, म्हणत होते ते, नुसतं तोंड ओलं करतो."

तेवढ्याले तर डॉक्टरचीही मनाई नव्हती.