ओल्याला धरणारं काहीतरी

तात्या आठवले की आधी ओल्या सिमेंटचा गार वास येतो, आणि मग कालव्याच्या चारीच्या उतरत्या भिंतीला कान लावून गळती ऐकणारी त्यांची वाकलेली आकृती दिसते. माझे हे चुलते निरवांगीच्या चारीवर पाटकरी होते, रानांना पाळीनं पाणी सोडणारे. चारी बंद असतानाही झिरपत राहणाऱ्या त्या भिंतीला त्यांनी लावलेलं प्रत्येक ठिगळ पाणी सुटलं की निखळून पडे, आणि टोकाची रानं कोरडी राहत. हा सल त्यांना जेवतानाही सोडत नसे. "वल्याला काय चिकटतच न्हाय," एवढंच ते म्हणत.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात बारामतीच्या कॉलेजच्या सहलीहून मी समुद्रकाठचा एक दगड आणला. काळेनिळे शिंपले बारीक धाग्यांनी त्याला बिलगलेले. चार दिवसांत ते मेले, घरभर घाण सुटली, तरी धागे सुटेनात. तात्या ते ओढून ओढून पाहत राहिले. मी तोऱ्यात सांगितलं, की धाग्याच्या टोकाला प्रथिनं असतात आणि त्यांतला डोपा नावाचा घटक ओल्या दगडालाही धरून ठेवतो.

"त्ये झालं," तात्या म्हणाले. "पर डिंक लावायच्या आधी मधलं पानी कोन हाकलतं? पाय रोवून दाबत असंल त्यो."

"तात्या, शिंपल्याला कुठला आलाय पाय!"

मी खो खो हसले, ओसरीवरचे सगळे हसले. तात्याही हसले, पण जरा उशिरा.

पुढे एमेस्सीला असताना वाचलं, की शिंपल्याला पाय असतो. जिभेसारखा तो मऊ पाय खडकाला दाबून मधलं पाणी बाहेर सारतो, आणि तिथे उरलेल्या पोकळीतच चिकट प्रथिनं ओततो. मला फार लाज वाटली. दिवाळीला गेल्यावर तात्यांना सांगू, असं ठरवलं. तात्या दिवाळीपर्यंत राहिले नाहीत.

तेराव्यानंतर काकी मला चारीवर घेऊन गेल्या. पाणी सुटलेलं होतं, आणि टोकाची रानं भिजत होती.

"चारी बंद हुती तवा सिमिटाचा गोळा टाचंखाली दाबून दिसभर हितंच उभं हुतं," काकी म्हणाल्या. "म्हनलं, येड लागलं का काय."

मी पाण्यात हात घातला. ठिगळ जागेवर होतं, आणि त्यात उमटलेली टाच बोटांना लागली. काळही पाण्यासारखा सगळं वाहून नेतो असं मला वाटायचं. पण तात्यांची टाच तिथेच आहे, आणि माझं ते हसूही.