कोंताँ की कोंताँत

मी फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक बोलतोय. आज मी भलताच खूश आहे, कारण एका माणसाची चांगली जिरली.

माझ्यात मोठाले उतारे नाहीत. ‘दार उघडं आहे’, ‘मला भूक लागली’ अशी रोजची वाक्यं. त्यांतूनच व्याकरण उलगडतं. कारखान्याच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या ताईंनी मला विकत आणलं. फोन शांत असला की त्या मला उघडून पुटपुटायच्या. ‘मी खूश आहे’ म्हणताना पुरुष कोंताँ म्हणतो, बाई कोंताँत, हे वाचून त्या हसल्याच. “अगं बाई, मी दमलो, मी दमले, तसंच की हे!”

साहेबांच्या डोळ्यांत ते खुपायचं. चारचौघांत ते ताईंच्या उच्चारांची नक्कल करायचे. एकदा त्यांनी मला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. “बघ, आता कुठं कामाला आलं!” सगळं ऑफिस खिदळलं. संध्याकाळी ताईंनी मला ओढून काढलं, तेव्हा माझं मुखपृष्ठ फाटलं होतं. त्यांनी ते चिकटवलं. माझा राग काही चिकटवता येण्यासारखा नव्हता.

पुढे फ्रेंच पाहुणे येणार असं कळलं. साहेब ताईंना म्हणाले, “स्वागताचं भाषण मीच करणार. तू म्हणून दाखव, मी ऐकून पाठ करतो.”

“सर, एकदा पुस्तकात बघून घेता का?”

“पुस्तकं तुझ्यासाठी. मला नकोत.”

ताईंनी म्हणून दाखवलं; त्या स्वतः म्हणतील, अगदी तसं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. पुरुषांनी वेगळं म्हणायचं असतं, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी मनात धावा करत होतो, ‘सांगू नका, ताई, सांगू नका!’

ताईंनी मला मिटलं आणि वाजणारा फोन उचलला.

साहेब छाती काढून उभे राहिले. “झ स्वी कोंताँत!” म्हणजे ‘मी खूश झाले!’ पाहुण्यांनी हसू दाबलं. त्यांच्यातल्या वयस्कर इंजिनिअरबाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” साहेबांना ओ की ठो कळलं नाही. ते आणखी जोरात म्हणाले, “कोंताँत!” मग मात्र हशाच फुटला. ताई पुढे झाल्या, त्यांनी उत्तर दिलं, आणि दिवसभर पाहुणे त्यांच्याशीच बोलले.

आता फ्रेंच पाहुण्यांचं सगळं काम ताईंकडे आहे. मी त्यांच्या टेबलावर ऐटीत असतो. काल साहेब आले. “ए, ते पुस्तक दे गं जरा.”

ताईंनी मला उघडलं, ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या धड्यावर बोट ठेवलं.

“इथून सुरुवात करा. आणि माझ्याशी बोलताना, यातलं दुसरं.”

साहेबांचा चेहरा उतरला. मी पान उलटू दिलं नाही.