बोटभर काठ

मित्रांनो, मी क्ष-किरण विभागातली एक जुनी स्टीलची ट्रॉली आहे. हल्ली माझा मुक्काम जिन्याखाली, फुटक्या बादल्यांच्या शेजारी असतो. माझी गोष्ट ऐकून तुमचे मन हळवे व्हावे अशी तुमच्या शिक्षकांची इच्छा असेल. ती पुरी होईलच असे नाही. माणसांबद्दल माझे मत फारसे बरे नाही, आणि ते लपवायला मला कुणी शिकवलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापणाऱ्याने मला कापले, वाकवणाऱ्याने वाकवले आणि तोंड दिसेल इतके घासून चकचकीत केले. चाके बसवणारा त्या दिवशी घरून भांडून आला असावा, कारण माझे एक चाक जन्मापासून हट्टी आहे. बाकीची पुढे निघाली की हे बाजूला तोंड फिरवते. तरीही इस्पितळात मी आले तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! विभागातल्या मावशी तर पदराने माझ्यावरचे बोटांचे ठसे पुसत.

मला दोन फळ्या आहेत. खालच्या फळीवर बेडपॅन, उलटीचे भांडे, पुसायची फडकी, साध्या हातमोज्यांचा डबा. हे सगळे स्वच्छ. वरच्या फळीवर वाफेत तापवलेले हिरवे कापड, आणि त्यावर सुया, सिरिंजा, चिमटे. हे सगळे निर्जंतुक. तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच. नाही, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेडपॅन शरीराच्या बाहेर राहते, त्याला स्वच्छ असणे पुरते. सुई आत जाते. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा एखादा जंतू बसला, तर तो आत जाऊन थेट संसार थाटतो.

म्हणून नियम फार कडक. हिरवे कापड माझ्या कडेवरून खाली लोंबते, पण तो लोंबणारा भाग निर्जंतुक धरत नाहीत. फळीचा बोटभर काठही धरत नाहीत. त्याच्या आतली जागा तेवढी खरी. निर्जंतुक मोजे घातलेला हात काठाला लागला की तो हात वाया गेला. तुम्ही शिवाशिवी खेळता ना? तसेच हे. शिवाशिवीत ज्याला शिवले त्याच्यावर राज्य येते. इथे राज्य टेबलावर झोपलेल्या पेशंटवर येते, आणि आपण खेळात आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते.

आता गंमत अशी, की हात लागलेला दिसत नाही. ना डाग पडतो, ना आवाज होतो. म्हणून ज्याचा लागला त्यानेच आपल्या तोंडाने सांगायचे, मोजे बदलायचे, लागेल तर सगळे सामान टाकून नवे मांडायचे. निर्जंतुकपणाचा हा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे, की माणूस कबूल करील. माणूस! मी तेव्हाच हसायला हवे होते.

विभागात शिकवायला मोठ्या बाई होत्या. कामात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. निर्जंतुक पुडके उघडताना त्या पहिली घडी नेहमी आपल्यापासून दूर उलगडत, म्हणजे पुढे त्यावरून हात न्यावा लागत नाही. म्हाताऱ्या पेशंटला बेडपॅन द्यायचे तर आधी कोमट पाण्याने उबदार करून देत. फोटोची प्लेट एकाच्या पाठीखालून निघाली की पुसल्याशिवाय दुसऱ्याच्या पाठीखाली जाऊ देत नसत. पेशंट त्यांना दुवा देत. विद्यार्थी मात्र त्यांच्या सावलीला उभे राहत नसत, कारण बाईंच्या जिभेला हाड नव्हते.

एका वर्षी विद्यार्थ्यांत तिशी ओलांडलेली एक बाई आली. नवरा वारलेला, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. ही शेवटची संधी होती. यंदा नापास झाली तर वयाच्या अटीमुळे पुन्हा परीक्षेला बसता येणार नव्हते.

एके दिवशी निर्जंतुक सामान मांडताना ती मध्येच थांबली.

"बाई, माझी बाही काठाला लागली."

कुणी पाहिले नव्हते. न सांगती तरी चालून गेले असते. बाईंनी तिची पाठ थोपटायला हवी होती. पण बाईंना तिचा जुना धंदा ठाऊक होता आणि तोंडाशी आलेला विनोद सोडवेना.

"लागणारच. जन्मभर शिवतच आलीस ना तू? आता इथंही दिसेल त्याला शिवत सूट."

वर्ग खो खो हसला. टेबलावरचा पेशंटसुद्धा हसला. आपल्याला वाचवले म्हणून ही शिव्या खाते आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून, हात वर धरून, काम संपेपर्यंत उभे केले. त्या दिवसापासून तिचे नाव 'शिवणकाम' पडले. "शिवणकाम, प्लेट आण." "शिवणकाम, बेडपॅन धू."

मित्रांनो, त्याच आठवड्यात इतरांचे हातही काठाला लागले होते. काठ माझा आहे, मला कळते. सगळे मूग गिळून बसले. बाई त्यांच्याकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, "हे बघ, असं काम करतात." मला वाचा असती तर मी तिथल्या तिथे एकेकाचे वाभाडे काढले असते.

ती तरीही सांगत राहिली. कधी कोपर लागले, कधी मोज्याचे टोक. दर वेळी सांगितले आणि दर वेळी भिंत. एकदा तिच्या मुलीची शाळा लवकर सुटली आणि ती आईला शोधत दाराशी आली. आई भिंतीशी हात वर करून उभी.

"आईनं काय केलं?" मुलीने विचारले.

"तुझ्या आईला अभ्यास येत नाही, बाळ," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तू तरी नीट शिक हं."

त्या दिवशी मला पुसता पुसता तिच्या वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला, "काकू, तुम्ही सांगता कशाला? बघतंय कोण?"

"नियम आहे ना."

"नियम आम्हालाही आहे. भिंत फक्त तुम्हाला आहे."

 पुढच्या वेळी तिचे बोट काठाला लागले, तेव्हा तिचे तोंड उघडले आणि मिटले. त्या पेशंटला काहीही झाले नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. हळूहळू तिला न सांगण्याची सवय झाली. बाई खूश झाल्या. 'शिवणकाम' जाऊन 'अहो' आले. सगळ्यांपुढे त्या म्हणू लागल्या, "हिला मी घडवली."

मग बाईंचा धाकटा भाऊ आला. आईच्या मागे बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो घरे रंगवायचा. उजवा खांदा दुखून वर जाईना, म्हणून डॉक्टरांनी सांध्यात सुईने औषध सोडून फोटो काढायचे ठरवले. मदतीला बाईंनी तिलाच निवडले. आणि हेच काम तुझी परीक्षा समजू, असेही सांगितले.

तिने सगळे सुरेख मांडले. सिरिंजला सुई लावायला हात पुढे केला आणि माझे हट्टी चाक फिरले. मी सरकू लागले. तिने मला धरले. मोजे घातलेली तिची बोटे लोंबत्या कापडाखाली, माझ्या उघड्या काठावर घट्ट बसली.

तिने बाईंकडे पाहिले. बाई भावाच्या केसांतून हात फिरवत होत्या.

"घाबरू नकोस रे. माझ्या हाताखाली तयार झालीय. हिचं कधी चुकत नाही."

दोन शब्दांचे काम होते. दुसरे मोजे हाताशी होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांग, अगं, सांग. तिने एकदा भिंतीकडे पाहिले. मग त्याच बोटांनी सुई बसवली आणि सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली.

शेवटी तिने खांद्यावर पट्टी लावली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, हात हलका आहे हो तुमचा."

ती परीक्षेत पहिली आली.

काही दिवसांतच खांदा सुजला. ताप चढला, सांध्यात पू झाला. खांदा उघडून धुतला, पुन्हा उघडून धुतला. जीव वाचला, हात वाचला नाही. ब्रश सोडाच, त्या हाताने घास तोंडापर्यंत नेता येईना.

बाईंनी सगळ्यांना माझ्याभोवती उभे केले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"त्या दिवशी कुणाचा हात लागला होता का? मी काही करणार नाही. मला फक्त खरं सांगा."

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले.

"अरे, माझा भाऊ आहे तो. हवं तर पाया पडते, पण बोला."

सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. बाईंनीच त्यांना हे शिकवले होते, आणि शिष्य हुशार निघाले. शेवटी तिने तोंड उघडले.

"बाई, ट्रॉलीच्या काठाला गंज चढलाय. मला वाटतं, तिथूनच आलं."

मित्रांनो, गंज मला होता, पण चाकापाशी, तिळाएवढा. काठ माझा आरशासारखा होता. पण बाईंना तेवढा आधार पुरला. "तरी मी कधीची सांगतेय, नवी ट्रॉली द्या," त्या म्हणाल्या, आणि सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले. पदराने ठसे पुसणाऱ्या मावशींनीच मला ओढत जिन्याखाली नेले.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. भावाच्या शर्टाची बटणे त्या लावतात आणि त्याला भरवतात, असे मावशी सांगत होत्या. त्यांच्या जागी तीच शिकवते. तिला सगळे मॅडम म्हणतात. दर वर्षी ती नवे विद्यार्थी घेऊन जिन्याखाली येते.

"ह्या ट्रॉलीच्या गंजानं एका रंगाऱ्याचा हात गेला. लक्षात ठेवा."

यंदा एक मुलगी खाली वाकली. तिने माझा काठ नीट निरखला.

"मॅडम, इथं गंज कुठं आहे? काठ तर चकचकीत आहे."

बाकीचे जिना चढू लागले होते. मॅडमनी एकदा जिन्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला पास व्हायचंय ना?"

मुलगी उठली आणि बाकीच्यांमागे वर गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते. मला जपू नका, माझे आता काही राहिलेले नाही. पण उद्या कुणी मान खाली घालून तुमच्यापुढे येईल आणि 'माझ्याकडून चुकलं' म्हणेल. तेव्हा जिभेवर आलेला विनोद गिळा, आणि 'बरं झालं सांगितलंस' एवढेच म्हणा. तुम्हाला हे जमेल असे मला वाटत नाही. मोठ्या बाईंनाही जमले नव्हते, आणि त्या तुमच्यापेक्षा पुष्कळ हुशार होत्या. जमले तर बघा. कारण ती मुलगी पास होणार आहे. पुढे कधीतरी तुमच्यापैकी कुणाच्या तरी सांध्यात जाणारी सुई तिच्या हातात असेल, आणि गप्प बसायला ती आताच शिकली आहे.