पूर्वेकडची भिंत

आबांना मारलं ती टाकी अजून वापरात आहे. चाकणच्या पुढे माळावर ती गोल, बैठी टाकी आहे आणि खालच्या गावाला रोज सकाळी तिचंच पाणी जातं. तिच्या पूर्वेकडच्या भिंतीला आतून सिमेंटचं ठिगळ लावलेलं आहे.

आबा, म्हणजे माझे वडील भिवा, गवंडी होते. आमचं घर दापोडीला, रुळांच्या कडेच्या वस्तीत. त्यांना लिहिता येत नव्हतं; जिथे सही लागे तिथे ते अंगठा उठवत. पण पाण्याची टाकी बांधावी तर भिवानंच, असं खेड तालुक्यात म्हणत. साहेबराव ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी तीन टाक्या बांधल्या. साहेबराव नारळ फोडायला येत आणि पुढे पाणी सुटायच्या दिवशी हार घालून घ्यायला येत.

अठ्ठ्याहत्तर साली आबांनी दापोडीच्या बारा जणांची मजूर सोसायटी काढली आणि चौथ्या टाकीची निविदा स्वतः भरली. कागद मी केले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, पिंपरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट. निविदा उघडल्या त्या दिवशी कारकुनानं आमचा लिफाफा बाजूला ठेवला. समान स्वरूपाच्या तीन कामांच्या अनुभवाचा दाखला त्याला जोडलेला नव्हता. साहेबरावांच्या लिफाफ्यात तो होता. त्यावर तीन टाक्यांची नावं होती. तिन्ही आबांनी बांधलेल्या.

बाहेर व्हरांड्यात साहेबरावांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "भिवा, काम तुझंच रे. पण कागद माझा आहे. ये उद्यापासून, थापी वाट बघतीय तुझी."

त्यांच्यासोबतची माणसं हसली. आबाही थोडे हसले. मालक लोकांपुढे हसायची त्यांना सवय होती.

परतीच्या बसमध्ये मात्र ते म्हणाले, "केसर, खूण हाय माझी." माळावरच्या टाकीत, आतून, गिलावा ओला असताना खिळ्यानं केलेली. जागा सांगितली, पण कसली खूण ते काही केल्या सांगेनात. कचेरीचे साहेब बघतील तेव्हा तूही बघ, एवढंच म्हणाले.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. पुस्तकं वाचून वाचून मला माझ्या भाषेचा अभिमान झाला होता. अर्जात मोघम काही ठेवायचं नाही असं ठरवून मी लिहिलं: 'सदर टाकीच्या पूर्वेकडील भिंतीवर, आतील बाजूस, तळापासून दोन फूट उंचीवर अर्जदाराच्या हातची खूण आहे.' हरकतीची एक प्रत ज्याच्याविरुद्ध हरकत असते त्याला पाठवतात. तो नियम मला ठाऊक होता. प्रत मीच कार्बन लावून काढली.

चौथ्या दिवशी भर दुपारी रेल्वे फाटकापाशी दोघांनी आबांना गाठलं. त्यातला एक जयसिंग, साहेबरावांचा मुकादम. आमच्या ओट्यावर कितीदा चहा पिऊन गेलेला. त्यानं आबांचे केस धरून त्यांचं तोंड लोखंडी खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. आईनं, तानुबाईनं, फुटलेले दात मातीतून वेचून पदरात आणले. अर्ज मागे घ्या, असं ती म्हणाली नाही. आबांनी रक्ताची चूळ टाकली आणि पाहणी कधी आहे ते विचारलं. गुरुवारी, अकरा वाजता.

गुरुवारी आम्ही दोघं आठलाच माळावर पोहोचलो. चावीवाल्या कोंडाजीनं कचेरीचा कागद बघितला, चावी फिरवली आणि टाकी रिकामी केली. छपराच्या भोकातून लोखंडी पायऱ्यांनी आबा आत उतरले. हातात तारेचा ब्रश होता. मी वर भोकापाशी गुडघ्यांवर बसून आईच्या आरशानं आत ऊन सोडत होते. विहिरीत काम करणाऱ्यांना असाच उजेड देतात.

शेवाळ निघत गेलं तशी भिंतीवर अक्षरं दिसायला लागली. क, त्यावर मात्रा. मग एक उलटा स. मग र.

पहिलीत असताना माझा स उलटा यायचा. मास्तरांनी पट्टी मारून तो सुलटा करून घेतला होता. आबांना आयुष्यात लिहिता येत होता तो एवढाच शब्द, आणि तो त्यांनी माझ्या पाटीवरून चुकीसकट उचलला होता. आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढचे दात नव्हते, तरी हसले.

तेवढ्यात जीप आली.

साहेबराव उतरले, मागून जयसिंग आणि आणखी एक जण. जयसिंगच्या हातात घण होता. कोंडाजी चावीच्या खड्ड्याकडे निघून गेला. जयसिंगनं मला पायानं बाजूला लोटलं आणि ते दोघं आत उतरले. मी त्यांच्यामागे झेपावले तर साहेबरावांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळून मला खाली दाबलं. "ओरडू नको पोरी. टाकीत फार घुमतं."

आबा चिखलात खाली बसले आणि त्यांनी आपली पाठ नावाला लावली.

"ऊठ भिवा. मला भित फोडायचीय."

"सायेब येतील अकराला. त्येंनी बघितलं की फोड."

"ऊठ म्हणतो ना."

"न्हाई."

पहिला घाव गुडघ्यावर बसला. एका घावाचे तीन आवाज झाले. दुसऱ्या घावाला उजवा हात कोपरापासून लोंबकळला, तरी आबा हलले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आरसा अजून माझ्या हातात आहे, त्याचं ऊन आबांवरच पडतंय आणि जयसिंगला नेम धरता येतोय तो माझ्याच उजेडात. मी आरसा फिरवला आणि ते ऊन जयसिंगच्या डोळ्यांत मारलं. त्याचा घण हवेत चढलेला होता. खांद्यावर यायचा तो घाव डोक्यावर आला.

त्यांनी आबांना पाय धरून बाजूला ओढलं. मग भिंत फोडायला घेतली. अर्जात लिहिली होती तीच जागा, तळापासून दोन फुटांवर. वीस घाव लागले. काम चांगलं होतं.

कचेरीचे साहेब बरोबर अकराला आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी भोकातून आत पाहिलं. पंचनाम्यात आलं की मयत इसम शेवाळावरून घसरून पडला. मी जबाब दिला. मुलगी दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे, असं साहेबरावांनी लिहून दिलं. मी चावीपाशी होतो, काही पाहिलं नाही, असं कोंडाजीनं सांगितलं. आमच्या हरकतीवर शेरा आला: 'पाहणीत कोणतीही खूण आढळली नाही.' त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

चौथी टाकी साहेबरावांनी बांधली.

पुढे सव्वा वर्षानं कोंडाजी दापोडीला आमच्या दारात येऊन उभा राहिला. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"बाकीच्या दोन टाक्याबी मीच धुतो," तो म्हणाला. "दोन्हीत तुजं नाव हाय. उलटं अक्षर हाय त्येच."

कचेरीत सांगाल का, असं मी विचारलं. तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "टाकी रिकामी करून दीन, कवाबी. बोलाय नको लावू."

आई आत गेली आणि आरसा घेऊन आली. त्याला एका कोपऱ्यात तडा गेला होता. तो तिनं माझ्यापुढे ठेवला.

त्या उन्हाळ्यात साहेबरावांनी पाचव्या टाकीची निविदा भरली. सोबत तोच दाखला, तीन टाक्यांचा. मी हरकतीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकून नवा होता, सभ्य होता. त्यानं अर्ज वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"खुणेची जागा लिहा, बाई. कुठली टाकी, कुठली भिंत. रकाना रिकामा चालत नाही."

मी रकान्यात लिहिलं: 'पाण्याखाली.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग शिक्का मारला आणि समोरच्या पार्टीला पाठवायची प्रत मागितली. ती मी आणली होती.