सोराया, कुणाचा पूर्वज नसला तरी

जपानमधल्या मराठी मंडळाच्या दशकपूर्तीची स्मरणिका कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी छापून आली. फुनाबोरीच्या सभागृहात खोकी फुटताच कस्तुरीने उभ्या उभ्याच बाबांचा लेख काढला आणि पहिल्या ओळीलाच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे अश्वतज्ज्ञ कै. डॉ. विश्वनाथ...’

बाबा मुरबाडला गुरांचे डॉक्टर होते. जन्मभर त्यांनी अडलेल्या गाई-म्हशी सोडवल्या. घोडे वाट्याला आले ते टांग्याचे. सोराया हा पोर्तुगालचा दुर्मीळ घोडा त्यांनी फक्त पुस्तकांतून पाहिला, पण तीस वर्षं पाहिला.

२०११च्या मार्चमध्ये ते निशी-कसाईला तिच्याकडे आले होते. भूकंपानंतर कंपन्यांनी कुटुंबं भराभर मायदेशी धाडली, सगळी इमारत ओस पडली. कस्तुरीला तोयोसुचं ऑफिस सोडता येईना. “मग मीही हलत नाही,” बाबा म्हणाले, आणि धक्क्यांनी थरथरणाऱ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी हा लेख लिहिला. त्यांना जाऊन आता चार महिने झाले होते. त्यांचं छापलेलं एवढंच मागे राहणार होतं.

लेखाशेजारी पांढराशुभ्र, आयाळीच्या वेण्या घातलेला घोडा ऐटीत उभा होता.

“संजीव, हा कोण?”

संपादक संजीव खुर्च्या मांडत होता. “तुमचा पोर्तुगीज घोडा!”

“सोराया उंदराच्या रंगाचा असतो. पाठीवर काळा पट्टा, पायांवर पट्टे, नाकाड बाकदार.”

“पाहिला गं मी. गाढवाचा मावसभाऊ दिसतो. म्हटलं, जपानी पाहुणे बघणार, जरा देखणा टाकू.”

“आणि हे वाक्य?”

बाबांनी लिहिलं होतं, ‘स्पेन-पोर्तुगालच्या नामांकित घोड्यांचा हा पूर्वज, असं काही जण मानतात, ठोस पुरावा मिळालेला नाही.’ छापलं होतं, ‘जगातल्या सर्व राजअश्वांचा हा आदिपुरुष!’

“पुरावा नाही म्हटलं की वाचणारा म्हणतो, मग वाचलं कशाला? आणि रागावू नकोस, पण काकांनी तो घोडा पाहिला तरी होता का?”

“नाही. म्हणून त्यांनी पदरचं काही घातलं नाही. तू का घातलंस?”

संजीव खुर्ची सरळ करत राहिला.

सोराया नदीच्या परिसरात १९२०च्या सुमाराला एका प्राणिशास्त्रज्ञाला या घोड्यांचा कळप दिसला, हे छापलं होतं. पुढे त्याने तशा दिसणाऱ्या सात घोड्या आणि चार घोडे जमवले, आजचा वंश त्यांचाच, हेही होतं. नव्हता तो त्यानंतरचा परिच्छेद. कस्तुरीला तो पाठ होता: ‘निकस गवतावर हा घोडा तग धरतो. शर्यत जिंकत नाही, मिरवणुकीत शोभत नाही. पण तो कुणाचाच पूर्वज नसला, तरी तो गेला तर जगातून एक जात जाईल. त्याला जपायला एवढं कारण पुरे.’

तिने पर्समधून पेन काढलं, दाराशी टेबल ओढलं आणि पहिल्या प्रतीतल्या ‘अश्वतज्ज्ञ’वर काट मारली. वर लिहिलं, ‘गुरांचे डॉक्टर’. पांढऱ्या घोड्यावर फुली मारली आणि समासात, बारीक अक्षरांत, तो परिच्छेद उतरवायला लागली.

मंडळाच्या अध्यक्ष कौमुदीकाकू लगबगीने आल्या. “अगं, आजच्या दिवशी शोभतं का हे? त्यांच्याबद्दल चार चांगलेच शब्द लिहिलेत ना?”

“चांगले आहेत, काकू. त्यांच्याबद्दल नाहीत.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत. बाबांना सवय होती.”

“दीडशे प्रती आहेत!” संजीव ओरडला. “कार्यक्रम सुरू व्हायचाय!”

“करा की सुरू. मी इथेच आहे.”

त्याने गठ्ठा उचलायला हात घातला. तिने त्यावर डावा हात ठेवला आणि उजव्याने लिहीत राहिली. बाहेर लिफ्ट थांबली, माणसं आली. रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी प्रतीसाठी हात पुढे केला.

“एक मिनिट हं,” कस्तुरी म्हणाली. “शाई ओली आहे.”