आधी आग, मग दाब

० किलोमीटर

हिरव्या खनिजाची चिमूटभर पूड तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लॅटिनमच्या नळीत. नळी सिरॅमिकच्या ठोकळ्यात, ठोकळा आठ कठीण घनांच्या मधोमध. ही शेवटची खेप. उद्या हे दाबयंत्र मोडायला माणसं येणार, खोली दुसऱ्या विभागाला दिलीय. माझ्या सहा वर्षांच्या प्रबंधावर सरांनी एकच ओळ लिहिलीय: निळं दाखवा, मग बोलू. चार वेळा दाखवता आलं नाही.

२०० किलोमीटर

दाब आम्ही किलोमीटरमध्ये वाचतो, जमिनीखाली तेवढं खोल गेल्यावर असतो तसा. मिस्त्रीकाका पंपाशी आहेत. एकोणतीस वर्षं यंत्र त्यांनीच चालवलं. बायकोपेक्षा याचेच रुसवे जास्त काढले, असं ते म्हणतात. त्यांची बायकोही तेच म्हणते. बंद करताना नियम एकच: आधी आग, मग दाब. आग बंद केली की खनिज जसं असेल तसं गोठतं. ते तापलेलं असतानाच दाब गेला, तर पुन्हा मूळ पदावर येतं.

५६० किलोमीटर, चौदाशे अंश

इथे हिरव्याचं निळं होतं. पुरतं व्हायला दोन तास लागतात. पंचवीस मिनिटं झाली.

५५८

आकडा हलायला नको होता.

५५१

काका वाकले. सीलमधून तेल गळतंय. पंप पूर्ण उघडला, तरी गळतंय.

५४३

आग बंद कर म्हणाले. ५२० च्या खाली आकडा गेला की निळं परत फिरतं. आत्ता झालंय तेवढं तरी राहील. मी म्हटलं, तेवढ्यानं सरांचं भागायचं नाही. सील आवळून बघा.

५३४

"पोरी, हातचं धर."

"दोन मिनिटं, काका."

५२९

बोट बटणावर.

५२९

थांबला. बघा, थांबला.

५२९

५२९

५१२

४७०

बटण कधी दाबलं ते मला आठवत नाही. वहीत काकांच्या अक्षरात आहे: ४४८.

० किलोमीटर

दुपारपर्यंत तेलाचा दाब ओसरला. ठोकळा फोडला, नळी चिरली. भिंगाखाली सगळं हिरवं. मधोमध केसाहून बारीक निळी रेघ.

काका बराच वेळ भिंगावरून उठले नाहीत. "आहे की," म्हणाले.

आहे. पण सरांना डोळ्यांनी दाखवून चालत नाही. मागच्या वेळची निळी छटा दिव्याची निघाली होती. मोजणीचं यंत्र हवं, आणि त्याला आरशासारखा घासलेला पृष्ठभाग लागतो. घासलं नाही तर हा पुरावा नाही. घासलं तर रेघ किती फेऱ्या टिकेल, कुणास ठाऊक.

सर पाचला निघतात. सव्वाचार झालेत. काकांनी घासायचं कापड ओलं करून माझ्यापुढे ठेवलंय. पाठ फिरवून ते फरशीवरचं तेल पुसतायत. उद्या मोडायच्या यंत्राखालची फरशी.

पहिली फेरी. भिंग. आहे.

दुसरी फेरी. भिंग. आहे, पण तुटक.

पृष्ठभाग अजून खरखरीत आहे.

तिसरी फेरी.

भिंगाला डोळा लावायचा धीर होत नाही.

"काका," मी म्हणते, "तुम्ही बघा."

फडक्याचा आवाज थांबतो. ते उठत नाहीत.